टाके आणि मणका दोन्ही सांभाळणारी घरपोच फिजिओथेरपी

सिंहगड रस्त्यावरील एका फिजिओथेरपी केंद्राची घरपोच सेवा मी बाळंतपणानंतर दोन महिने घेतली. ज्यांची कंबर आधीपासून दुखावलेली आहे आणि सिझेरियनही झाले आहे, अशा बाळंतिणींना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझ्या कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली चकती २०२१ मध्ये सरकली होती. तेव्हापासून कंबर धरली की पालथे झोपून छाती उचलण्याचा व्यायाम करायचा आणि कमरेला पट्टा बांधायचा, एवढे मला पाठ होते. सिझेरियननंतर हे दोन्ही उपाय हातचे गेले, कारण ताज्या टाक्यांवर पालथे झोपता येत नाही आणि कमरेच्या पट्ट्याची खालची कड नेमकी टाक्यांवर रुतते. त्यातच सिझेरियनमध्ये पोटाचे सरळ स्नायू बहुधा कापत नसले, तरी त्यांच्यावरचे आवरण कापून पुन्हा शिवलेले असते; त्यामुळे जे पोट एरवी कमरेला आधार देते, तेच काही आठवडे दुबळे झालेले असते.

बाराव्या दिवशी आलेल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी आधी माझा जुना एमआरआय आणि दवाखान्यातून घरी सोडतानाचे कागद वाचले, पायाच्या अंगठ्यातली ताकद तपासली आणि लघवीवरचा ताबा किंवा मांड्यांमधली संवेदना कमी झाल्यास व्यायामाची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायला बजावले. पहिला पाऊण तास केवळ अंथरुणातून उठणे शिकण्यात गेला. गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकदमच कुशीवर वळवायची, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपराच्या जोरावर उठायचे. खोकला आला तर घडी केलेली दुपटी टाक्यांवर दाबून धरायची. तोवर मी दर खेपेला आईचा हात धरून सरळ उठत होते आणि प्रत्येक वेळी डाव्या पायात कळ उतरत होती. त्या रात्री बाळाला पाजण्यासाठी मी चार वेळा उठले आणि एकदाही कळ आली नाही.

त्यानंतर त्यांनी घर पाहिले, आणि या सेवेचे खरे मोल मला तिथे कळले. आमचा पाळणा खाली टांगलेला होता, त्यामुळे बाळाला घेताना कंबरेत वाकून हात लांबवावे लागत. ताईंनी मला पाळण्याशेजारी उभे करून बाळाची गादी माझ्या बेंबीच्या उंचीला येईल इतकी दोरी वर बांधायला सांगितली. लंगोट जमिनीऐवजी जेवणाच्या टेबलावर बदलायचे ठरले. पायांवर घेऊन बाळाला अंघोळ घालायची माझी फार इच्छा होती, परंतु पाय पसरून पुढे झुकणे चकतीला सोसणारे नसल्याने ते काम मालीशवाल्या मावशींकडेच राहिले. व्यायाम म्हणाल तर सुरुवातीला श्वास सोडत बेंबी हलकेच आत ओढणे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळणे, घोटे हलवणे आणि घरातल्या घरात चालणे, इतकेच होते.

पाचव्या खेपेला मात्र न कळवता दुसऱ्या थेरपिस्टना पाठवण्यात आले. त्यांनी माझी फाइल न पाहता उताणे झोपवून दोन्ही पाय सरळ एकदम उचलायला लावले. बाळंतपणाला तेव्हा महिनाही झाला नव्हता. त्यानंतर तीन दिवस मला कुशीवरूनसुद्धा उठवत नव्हते. तक्रार केल्यावर केंद्राने त्या खेपेचे पैसे परत केले आणि आधीच्या ताईंनाच पुन्हा पाठवले, तरीही ही चूक मला क्षुल्लक वाटत नाही. ठरलेल्या वेळेपेक्षा तास-दीड तास उशीर होणे तर नेहमीचेच, आणि तान्ह्या बाळाच्या पाजण्याच्या वेळा त्याने पार विस्कटतात.

एका खेपेचे ७०० रुपये मी दिले. सहाव्या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांनी टाके तपासून परवानगी दिल्यावर ताईंनी व्रणाभोवतीची कातडी बोटांनी हलकेच सैल करणे आणि खुर्चीतून हात न टेकता उठणे शिकवले. आता बाळ चार महिन्यांचे आहे, मी अर्धा तास सलग चालते आणि पायातली कळ अधूनमधूनच येते. ही सेवा घ्यायची असल्यास प्रत्येक खेपेला तीच थेरपिस्ट येईल हे आधी लेखी ठरवून घ्यावे, आणि शक्य असेल तर पहिली भेट दवाखान्यातून घरी आल्याच्या आठवड्यातच ठेवावी.