दोन हजारांची लिपस्टिक तीनशेला मिळते तेव्हा

"ताई, कस्टमचा माल आहे, म्हणून खोका नाही. शोरूममध्ये हीच दोन हजारांना." लिपस्टिकमधली निम्मीअधिक फसवणूक या एका वाक्यावर चालते. 'कस्टमचा माल'च्या जागी कधी 'एक्स्पोर्ट सरप्लस' येतं, कधी 'टेस्टर पीस'. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं, चार दिवस लावतं, ओठांची सालं निघतात आणि मग सगळ्या मैत्रिणींना सल्ला मिळतो की स्वस्त लिपस्टिक घेऊच नका. चोर सोडून संन्याशाला फाशी!

शंभर-दोनशेची, स्वतःच्या नावानं विकली जाणारी लिपस्टिक खुशाल घ्यावी. एल एटीन, ब्लू हेवन, इनसाइट, स्विस ब्यूटी, मार्स ही नावं याच पट्ट्यातली. मेण, एरंडेल किंवा दुसरं तेल आणि रंग, एवढ्यावर लिपस्टिक उभी राहते आणि एका कांडीत हे सगळं मिळून साडेतीन-चार ग्रॅम असतं. त्याचा खर्च फार नसतो. महाग लिपस्टिकची किंमत बरीचशी नळी, जाहिरात, दुकानाचं भाडं आणि नाव यांची असते. म्हणून कमी किमतीत बरा माल देणं शक्य आहे. शक्य नाही ते दोन हजारांचं नाव तीनशेत देणं.

नकली मालात भरपूर खपतो तो बारा नगांचा संच. वर मॅक या महागड्या परदेशी ब्रँडचं नाव, आत काळ्या नळ्या, भाव तीनशे ते पाचशे. असा संच समोर ठेवून नीट पाहिला तर बनाव लगेच उघडा पडतो. अस्सल नळीच्या तळाला शेडच्या नावाचं स्टिकर आणि छोटा बॅच कोड असतो. वेगवेगळ्या शेड वेगवेगळ्या घाण्यात बनतात, त्यामुळे कोडही वेगळे येतात. संचातल्या बाराही नळ्यांवर मात्र एकच कोड दिसतो, किंवा कोडच नसतो. मग रंग बघा. मॅकची 'रुबी वू' ही निळसर झाक असलेली लाल शेड, आणि इतकी कोरडी की ओठांवर ओढून लावावी लागते. वापरणाऱ्या त्याबद्दल कुरकुर करतात. संचातली 'रुबी वू' तुपासारखी घसरते. हाताच्या आतल्या बाजूला बाराही रेघा शेजारी शेजारी ओढल्या की बारा नावांचे चार-पाचच रंग निघतात. वासाचं म्हणाल तर अस्सलसारखा व्हॅनिलाचा सुगंध नकलेतही घालतात, फक्त तो जास्त भडक असतो आणि त्याच्याखाली खडूचा किंवा रॉकेलसारखा वास दबलेला असतो.

टेस्टरबद्दल एकच सांगायचं: कंपनीचा टेस्टर, म्हणजे दुकानात लावून बघायला ठेवलेला नग, विकायला नसतो. 'टेस्टर'चं स्टिकर विकणाऱ्याच्या सोयीचं असतं, कारण त्याच्या आडोशानं खोका, एमआरपी आणि तारीख तिन्ही गायब करता येतात. आणि समजा टेस्टर खराच निघाला, तरी तो किती जणींच्या ओठांना लागून आला आहे कोण जाणे.

नकली मालात नुसते पैसे जात नाहीत. २०१८ च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी तिथल्या सँटी अॅली बाजारात छापे घालून सुमारे सात लाख डॉलरचा बनावट मेकअप पकडला. त्यात मॅक आणि कायली या नावांचा माल होता, आणि तपासणीत जिवाणू आणि विष्ठेचे अंश सापडले. दुसरा धोका रंगाचा. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे वापरायच्या रंगात शिसं २० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाखांत २० भागांपेक्षा) आणि आर्सेनिक २ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. परवाना घेऊन माल बनवणाऱ्याला ही तपासणी करावी लागते. नाव-गाव नसलेल्याला विचारणार कोण? कापड रंगवायचा ऱ्होडामाइन बी परदेशात अशा लिपस्टिकमध्ये सापडला आहे. याच रंगामुळे तामिळनाडूनं २०२४ मध्ये गुलाबी 'म्हातारीच्या केसां'वर बंदी घातली होती. असे रंग ओठांना न मानवल्यास आधी खाज आणि चुरचुर, मग सालं, आणि महिनोन्‌महिने वापरल्यास कडेनं काळपट पट्टा, असा क्रम दिसतो.

इथे एक गैरसमज मोडायला हवा. लिपस्टिकवर सोन्याची अंगठी घासून काळी रेघ उठली की त्यात शिसं आहे, हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. शिसं नसलेल्या लिपस्टिकवरही अशी रेघ उठू शकते. शिसं प्रयोगशाळेतच कळतं. घरी जे तपासता येतं ते म्हणजे लेबल, वजन, वास आणि पोत.

लेबलपासून सुरू करा. उत्पादकाचं नाव, गाव आणि पिनकोड, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, कधीपर्यंत वापरायची ती तारीख. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. नुसतं 'मार्केटेड बाय' लिहून उत्पादक गाळला असेल तर ठेवून द्या. घटकांची यादी लहान पॅकवर नसली, तर तेवढ्यावरून माल नकली ठरत नाही. बारकोडवरूनही अनेक जण उगाच निर्णय देतात: ८९० नं सुरू झाला की भारतीय आणि अस्सल, ६९० नं सुरू झाला की चिनी आणि खोटा. ८९० चा अर्थ इतकाच की कोड भारतातल्या नोंदणी संस्थेकडून घेतला आहे. माल कुठे बनला हे त्यावरून कळत नाही, आणि बारकोड तर कुणीही छापतो. चीनमध्ये बनलेला, रीतसर आयात केलेला स्वस्त माल आपल्याकडे भरपूर विकला जातो आणि ठीक चालतो.

तारखेवर स्टिकर चिकटवलेलं असेल तर नखानं उचलून खाली काय आहे ते बघा. बॅच नंबरच्या जागी छपाई पुसट आणि खोक्याची चकाकी गेलेली दिसली, तर तिथे थिनरचा बोळा फिरलेला असण्याची शक्यता मोठी. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी असा मुदत संपलेला माल 'स्टॉक क्लिअरन्स' म्हणून बाहेर येतो.

'एमआरपी ६९९, तुम्हाला १४९' याला सूट समजू नये. एमआरपी ही वरची मर्यादा असते, ती कितीही चढी छापता येते. भाव ग्रॅमवर काढा. हीच गोष्ट लिप लायनरच्या, म्हणजे ओठांची कड आखायच्या पेन्सिलीच्या, बाबतीत फार कामाची आहे, कारण तिथे डोळ्यांदेखत फसायला होतं. लाकडी पेन्सिलमध्ये साधारण सव्वा ग्रॅम माल असतो. फिरवून वर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या लायनरमध्ये बहुतेकदा पाव ते एक तृतीयांश ग्रॅम. साठ रुपयांची लाकडी पेन्सिल ग्रॅमला पन्नासच्या आत पडते. दीडशेचा फिरवायचा लायनर ०.३ ग्रॅमचा असेल तर ग्रॅमला पाचशे! लांबी सारखीच दिसते, आत बहुतेक पोकळ नळी.

तरीही पैसे वाचवायचे असतील तर ते लायनरवरच वाचवा. लायनरमध्ये मेण जास्त, तेल कमी. कृती साधी असते, त्यामुळे साठ-सत्तर रुपयांची पेन्सिलही कडा नीट धरते. तिचा दोष लाकडात असतो. घेताना पेन्सिलीचं मागचं टोक बघा. रंगाची कांडी लाकडाच्या बरोबर मध्यभागी हवी. एका बाजूला सरकलेली असेल तर शार्पनर एकीकडे लाकूड ठेवतो, दुसरीकडे रंग खातो, आणि टोक दर वेळी तुटतं. टोक काढण्याआधी पेन्सिल दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली की मेण घट्ट होतं. शाळेच्या पेन्सिलीचा शार्पनर वापरू नका, जाड भोकाचा घ्या. लायनर ओठांवर खरखरत असेल तर टोक तळहाताच्या मागे दोनदा फिरवून ऊब द्या. तरीही ओरखडला तर रंग नीट दळलेला नाही. ती पेन्सिल ओठांसाठी नव्हे.

स्वस्त पण प्रामाणिक लिपस्टिककडून काय अपेक्षा ठेवायची? रंग दोन-तीन तास, जेवणानंतर पुन्हा लावणे. मॅट, म्हणजे बिनचकाकीची, असेल तर कोरडेपणा, म्हणून आधी लिप बाम लावून पाच मिनिटांनी टिपून घ्यावा. फिक्या न्यूड शेड या किमतीत अनेकदा खडूसारख्या बसतात, कारण त्यात पांढरा रंग जास्त असतो. लाल, मरून, विटकरी जास्त भरवशाच्या. मे महिन्यात कांडीवर घामासारखे थेंब आले तर माल नकली म्हणून भांडायला जाऊ नका. उष्णतेनं तेल वर येतं आणि महागड्या कांड्यांनाही येतं. टिश्यूनं टिपा, सावलीत ठेवा. खवट तेलाचा वास आला तर मात्र टाका. लिक्विड मॅटमध्ये, म्हणजे पातळ लावून वाळणाऱ्या लिपस्टिकमध्ये, जास्त जपावं. पटकन वाळण्यासाठी त्यात उडून जाणारं द्रावक असतं. उघडताच नेलपॉलिश किंवा पेट्रोलचा भपका आला तर ती ओठांना लावूच नका.

ऑनलाइन घेताना ब्रँडच्या नावाखाली लहान अक्षरात विक्रेत्याचं नाव असतं, ते वाचा. एकाच पानावर विक्रेते बदलत राहतात, त्यामुळे खालचे पाच तारे दुसऱ्याच कुणाच्या मालाला मिळालेले असू शकतात. बऱ्याच ठिकाणी लिपस्टिक परत घेत नाहीत, म्हणून सीलबंद पाकीट उघडतानाचा सलग व्हिडिओ हवा, ज्यात पत्त्याची चिठ्ठी, बॅच नंबर आणि नळीचा तळ दिसेल. नळी उघडण्याआधी फोटो काढा, मग कोपराच्या आत बोटभर पट्टा लावून दोन दिवस वाट बघा.

ओठ चुरचुरले तर खोबरेल तेलानं पुसून, पाण्यानं धुऊन लिपस्टिक बंद करा. सूज किंवा फोड आले तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना ती नळीही सोबत न्या. रागानं कचऱ्यात टाकू नका, पुरावा तोच. बिल नसेल तर यूपीआयचा व्यवहार आणि दुकानाच्या पाटीचा फोटो ठेवा. पैशाची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, क्रमांक १९१५. विनापरवाना किंवा बनावट मालाची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी द्यायची, आणि अर्जात दुकानाचा पत्ता, खरेदीची तारीख आणि नळीवर छापलेला मजकूर चुकांसकट जसाच्या तसा उतरवायचा.