ग्रोब १०९ बी: दोन उन्हाळे आणि मधला एक हिवाळा

ग्लायडर म्हणून घेतलंत तर निराश व्हाल. विमान म्हणून घेतलंत तर धावपट्टीवरचे लोक विचारतील, एवढे लांब पंख कशाला मिरवताय? टूरिंग मोटरग्लायडरला, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर वर जाऊन हवेत ते बंद करून तरंगणाऱ्या विमानाला, दोन्ही बाजूंनी टोमणे बसतात आणि दोन्ही टोमण्यांत तथ्य आहे. तरीही आम्हा चौघा भागीदारांपैकी कुणी आपला हिस्सा विकायला काढलेला नाही. का, ते सविस्तर सांगतो. घेण्याआधी मी जे काही वाचलं ते एक तर विकणाऱ्याचं होतं किंवा तीस-तीस वर्षं तेच विमान उडवणाऱ्या आजोबांचं, आणि दोघांनाही त्यात काही खोट दिसत नव्हती.

आमचं विमान दक्षिण जर्मनीत, श्टुटगार्टच्या खाली श्वेबिश आल्ब या डोंगरपठाराच्या कडेला असतं. मी मूळचा पुण्याचा. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये विंचच्या, म्हणजे ग्लायडरला वर खेचणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राच्या, दोरावर पहिल्यांदा वर गेलो, तेव्हापासूनची ही खोड. इथे नोकरीला आल्यावर क्लबात रीतसर शिकलो. क्लबातलं ग्लायडिंग छानच, पण ते सगळ्यांनी मिळून करायचं काम आहे. सकाळी लवकर जाऊन हँगर रिकामा करायचा, मग कुणी विंचवर, कुणी दोर आणणाऱ्या गाडीवर, कुणी पंखाचं टोक धरायला. आणि आपला नंबर लागेपर्यंत ढग पसरून ऊन गेलेलं. घरात लहान मूल असलेल्या माणसाला अख्खा रविवार असा देता येत नाही. मोटरग्लायडर स्वतःच्या इंजिनावर उडतं, त्याला विंच लागत नाही की ओढून नेणारं विमान लागत नाही. तीनला मैदानावर पोचलो तर सहाला घरी. मी पैसे मोजले ते मुख्यतः एवढ्यासाठी.

ज्यांना ही जात ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एगॉन शाइबे यांच्या दाखाऊच्या कारखान्यातलं एसएफ-२५ फाल्के १९६३ साली उडालं आणि त्याने हा प्रकार रुजवला: लाकडी पंख, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड, पुढे छोटं इंजिन. आजही जर्मनीतल्या कितीतरी क्लबांत पोरं फाल्केवरच शिकतात. ग्रोब १०९ आलं १९८० मध्ये, संपूर्ण फायबरग्लासचं. त्याची सुधारलेली आवृत्ती म्हणजे आमचं १०९ बी. पंखांचा विस्तार १७.४ मीटर, ९० अश्वशक्तीचं हवेने थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन, शेजारी-शेजारी दोन सीट, मागे शेपटीखाली छोटं चाक. ब्रिटिश हवाई दलाने हेच विमान ‘विजिलंट’ नावाने एअर कॅडेटच्या मुलांसाठी घेतलं होतं. २०१८ मध्ये ते निवृत्त झालं.

लायसन्सचं फार अवघड नाही. ग्लायडरचं लायसन्स असेल तर युरोपातल्या नियमांप्रमाणे किमान सहा तासांचं प्रशिक्षण, त्यात एकट्याने किमान १५० किलोमीटरचा प्रवास, आणि शेवटी परीक्षा. पुढे दर २४ महिन्यांत १२ तास उड्डाण, त्यातले किमान सहा मोटरग्लायडरवर, शिवाय प्रशिक्षकाबरोबर एक तास. नियमित उडवणाऱ्याला हे जड जात नाही.

आता वजनाकडे येतो. जाहिरातीत हे कुणी नीट सांगत नाही.

१०९ बीचं कमाल वजन ८५० किलो. रिकामं विमान साधारण ६२० किलोचं, पण ते कारखान्यातून निघालं तेव्हा. चाळीस वर्षांत नवा रेडिओ, रडारला ओळख देणारा ट्रान्सपाँडर, टक्कर टाळणारं फ्लार्म, कुणीतरी हौसेने बसवलेले जाडजूड सीट-कव्हर, दुरुस्तीचा थर, रंगाचा थर असं करत आमचं ६३० पर्यंत गेलंय. उरले २२० किलो. मी आणि बायको कपड्या-बुटांसकट दीडशेच्या वर आहोत. टाकी १०० लिटरची. ती पूर्ण भरली तर ७२ किलो. म्हणजे टाकी गच्च भरायची, दोघांनी बसायचं आणि बॅग घ्यायची, हे गणित जमतच नाही. ‘टूरिंग’ शब्द वाचून मनात जे चित्र उभं राहतं ते इथे आपटतं. प्रत्यक्षात आम्ही साठेक लिटर भरतो. ताशी १५ लिटरच्या आसपास खर्च धरला तर राखीव इंधन बाजूला ठेवूनही तीन तास उडता येतं, आणि १७० किलोमीटरच्या वेगाने तीन तासांत पाचशे किलोमीटर होतात. पुरेसं आहे. पण माझा भागीदार धिप्पाड आहे, आणि तो व मी एकत्र निघालो की टूथब्रशचंसुद्धा वजन करावंसं वाटतं.

वजनाचाच दुसरा परिणाम चढताना दिसतो. गार सकाळी, एकटा असताना विमान झकास उचलतं. उन्हाळ्यात दुपारी, सातशे मीटर उंचीवरच्या गवताळ पट्टीवरून, दोघं जण घेऊन निघालात तर कुंपण जवळ येताना दिसतं आणि विमान अजून विचार करत असतं. आम्ही चौघांनी ठरवून टाकलंय: गवत ओलं असेल आणि पट्टी लहान असेल तर दुसरा माणूस खाली थांबेल. यावर वाद घालायचा नाही.

आणि आता इंजिन बंद करण्याबद्दल, ज्यासाठी हे विमान आहे.

पद्धत अशी. थ्रॉटल मागे घेऊन इंजिन थोडा वेळ थंड होऊ द्यायचं. घाई केली तर तापलेल्या सिलिंडरना ते मानवत नाही. मग इग्निशन बंद, वेग कमी, प्रोपेलर फिरायचा थांबतो. नंतर हँडल ओढून त्याची पाती फेदर करायची, म्हणजे वाऱ्याला धार दाखवून उभी करायची. हॉफमनच्या या प्रोपेलरला तीन अवस्था आहेत: उड्डाणाची, प्रवासाची आणि फेदर. ही सगळी क्रिया मिनिटभराची आहे, पण तिच्यानंतर कॉकपिटमधलं वातावरण पालटतं. कंप जातो, हेडफोन काढून बोलता येतं, वाऱ्याचा एकसुरी सूर उरतो.

पुण्याहून आबा आले होते तेव्हा त्यांना उजवीकडे बसवून नेलं. आल्बच्या कडेवर प्रोपेलर उभा राहिला तसे ते सावरून बसले.

“अरे, बंद पडलं का?”

“नाही आबा, मी बंद केलं.”

“पेट्रोल वाचवायला?”

मी नाही म्हणालो, पण एका अर्थी तेही खरंच होतं. त्यानंतर अर्धा तास ते काही बोलले नाहीत, फक्त खाली टेक किल्ल्याची टेकडी दिसली तेव्हा “आपल्या सिंहगडापेक्षा बुटकी आहे” एवढं नोंदवलं.

आकडे बघा. माहितीपुस्तिकेप्रमाणे ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास ग्लाइड रेशो २८, म्हणजे शांत हवेत एक हजार मीटर उंचीवरून २८ किलोमीटर. सेकंदाला सव्वा मीटरच्या आत खाली येतं, त्यामुळे हजार मीटरची उंची चौदा-पंधरा मिनिटं पुरते. पंखांवर किडे चिकटलेले असतील, समोरून वारा असेल, तर हे विसरा. आम्ही हिशेब करताना २० च धरतो. शिवाय इंजिन परत सुरू होईलच असं गृहीत धरायचं नाही. जमिनीपासून सहाशे मीटरच्या खाली, आणि उतरण्याजोगं मैदान टप्प्यात नसताना बंद करायचं नाही, हा आमचा अलिखित नियम आता वहीत लिहिलेला आहे. सुरू करायचं तेही आधीच, कारण थंड पडलेल्या इंजिनाला लगेच पूर्ण ताकद मागता येत नाही. तेल गरम व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि तोवर विमान खालीच येत असतं.

थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, कसं आहे? खरं सांगायचं तर जड. क्लबाचं एएसके-२१ ग्लायडर जवळजवळ एवढ्याच विस्ताराचं, पण कमाल ६०० किलोचं, आणि त्याचा ग्लाइड रेशो ३४. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर आमचं विमान पंचेचाळीस किलो उचलतं, ते तेहतीस. म्हणून आम्हाला घिरट्या रुंद आणि वेगाने घालाव्या लागतात, आणि अरुंद थर्मलच्या गाभ्यात राहताच येत नाही. वसंतातल्या सकाळी क्लबातली मुलं सेकंदाला एक मीटरच्या उठावात मजेत वर जातात तेव्हा आम्ही त्यांच्याखाली तोल सावरत हळूहळू जमिनीकडे येत असतो. दोन मीटरच्या वर उठाव असेल तर मात्र रंगत येते. आल्बचा चुनखडीचा पठारी भाग पाणी धरून ठेवत नाही, लवकर वाळतो, लवकर तापतो; नेकारच्या दमट खोऱ्यापेक्षा इथे थर्मल लवकर आणि जोरात उठतात. मे-जूनमध्ये कडेला समांतर ढगांची रांग लागते. त्या रांगेखालून सरळ उडत, ढगाखाली वेग कमी, मोकळ्या जागी वेग जास्त, असं करत गेलं की घिरट्या न घालताही इंजिनाशिवाय बरंच अंतर कापता येतं. माझ्या मते हेच या विमानाचं खरं ग्लायडिंग. वर्तुळं मारून ढगाला भिडायची हौस असेल तर क्लबातच राहा.

प्रवासाला मात्र ते मनापासून आवडतं. बोडनझे तळ्यापर्यंत जाणं म्हणजे चहाला जाऊन येणं. वासरकुप्पेला गेलो, जिथे १९२० साली ऱ्होन डोंगररांगेतली पहिली ग्लायडिंग स्पर्धा भरली होती. दोनशे किलोमीटर, सव्वा तास, डोंगरमाथ्यावर उतरणं, ग्लायडिंगचं संग्रहालय, सॉसेज, परत. १०९ बीचे दरवाजे वर उघडतात आणि काच खांद्यापर्यंत येते, त्यामुळे खालचं जग भरपूर दिसतं. जुलैमध्ये त्याच काचेखाली भाजूनही निघता. टोपी आणि पाणी विसरू नका. एअरब्रेक, म्हणजे पंखांतून वर येऊन विमान खाली आणणाऱ्या पट्ट्या, हे उतरतानाचं मोठं सुख आहे: उंची जास्त झाली तर लिव्हर ओढा, कमी वाटली तर सोडा. इंजिनाच्या विमानातून आलेले पायलट पहिल्यांदा हे वापरून बघतात तेव्हा हरखतात. शेपटीच्या चाकाची सवय मात्र आडव्या वाऱ्यात त्यांना करून घ्यावी लागते. दमट शरद ऋतूत उतरताना कार्ब्युरेटरची हीट, म्हणजे त्यात बर्फ धरू नये म्हणून दिली जाणारी गरम हवा, आधी चालू करा, एवढं सांगून पुढे जातो.

पंखांची अडचण जमिनीवर. सेसना १७२ चा विस्तार ११ मीटर, आणि छोटे विमानतळ त्या मापाने बांधलेले. धावपट्टीच्या कडेचे दिवे, पाट्या, उंच गवत, पार्क केलेली विमानं, या सगळ्यांच्या वर आमचे खालच्या बाजूला बसवलेले लांब पंख न्यायचे असतात. परक्या विमानतळावर मी सरळ उतरून ढकलत नेतो. हँगर ही त्याहून मोठी गोष्ट. फायबरग्लासवरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, ऊन-पावसात तडकतो आणि तो पुन्हा करून घेणं म्हणजे विमानाच्या किमतीच्या घरातला खर्च, तेव्हा बाहेर ठेवणं हा पर्याय नाही. पंख काढता येतात, हे खरंय, पण आम्ही ते हिवाळ्यातल्या तपासणीलाच काढतो. दर रविवारी काढून लावणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. विमान घेण्याआधी हँगरची जागा लिहून घ्या. जागेसाठी लोक वर्षानुवर्षं थांबलेत.

खर्चाचा सगळ्यात मोठा भाग इंधनाचा नाही. हँगर, विमा आणि वार्षिक तपासणी या तिन्हींचं बिल विमान उडो न उडो येतंच, म्हणून चौघं असणं शहाणपणाचं. सहा झाले तर उन्हाळ्यात शनिवारसाठी भांडणं होतील. हिवाळ्यात शक्य तितकं काम आम्ही परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखाली स्वतः करतो: फटींवरच्या टेप बदलणं, पॉलिश, चाकांचे ब्रेक, केबल तपासणं. सुट्या भागांची गोष्ट जरा नाजूक आहे. ही विमानं बनणं केव्हाच थांबलंय, इंजिनाचे काही भाग सहज मिळत नाहीत, आणि आम्हाला एका सिलिंडरसाठी ऐन मे महिन्यात विमान हँगरमध्ये ठेवून बसावं लागलं. याच कारणाने मी आज घेत असतो तर रोटॅक्स इंजिनाच्या फाल्केचा किंवा सुपर डिमोना या दुसऱ्या मोटरग्लायडरचा आधी विचार केला असता. रोटॅक्सचे भाग आणि ते जाणणारे मेकॅनिक दोन्ही गावोगाव आहेत.

याच जातीच्या विमानांनी लोक पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेत. ब्राझीलचे जेरार मॉस २००१ मध्ये झिमांगोवर, स्लोव्हेनियाचे मातेव्झ लेनार्चिच २००४ मध्ये पिपिस्ट्रेल सायनसवर. आमच्या भागीदारांच्या बैठकीत दर डिसेंबरला त्याचा विषय निघतो आणि पुढच्या वर्षीसाठी आल्प्स ओलांडायचं ठरतं.

कुणी घ्यायच्या विचारात असेल तर विक्रेत्याकडे चहा घेण्याआधी चार कागद मागा. सर्वात ताजं वजनपत्रक, दहा वर्षांपूर्वीचं नको. इंजिनाची लॉगबुकं, सुरुवातीपासूनची. जेलकोटला पंखांच्या मुळाशी आणि एअरब्रेकच्या कोपऱ्यांत बारीक रेघा आहेत का ते स्वतः टॉर्च घेऊन बघा आणि जुन्या दुरुस्त्यांचे कागद मागा. आणि प्रोपेलरची शेवटची ओव्हरहॉल कधी झाली ते विचारा. तो सोडवून रोझेनहाइमला हॉफमनकडे पाठवावा लागतो, खर्च मोठा येतो, आणि मुदत जवळ आलेली असेल तर ती रक्कम किमतीतून आधीच वजा करून बोला.