पद्मिनी घ्यावी की कॉन्टेसा?

मिरजेचा मावसभाऊ महिनाभर दोन जुन्या गाड्यांत अडकलाय: १९७४ची पद्मिनी की इसुझू इंजिनाची कॉन्टेसा. ‘दुर्मिळ, एकाच हातातली’ वगैरे विकणारे म्हणणारच.

दुरुस्तीत पद्मिनी सरस. फियाट ११००चंच देशी रूप, १०८९ सीसीचं साधं इंजिन. जुना मिस्त्री डोळे मिटून खोलतो. कॉन्टेसाचं इंजिन दणकट, पण काचा, दिवे, बंपर शोधताना चपला झिजतात. पेट्रोलही जास्त पिते.

चालवायला मात्र कॉन्टेसाच. पाच गिअर, ऐसपैस सीट. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगलाच. हात बसेपर्यंत वैताग.

खरी मेख कागदांत आहे. व्हिंटेज नोंदणी ५० वर्षं ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते, आणि मग ती रोज वापरता येत नाही. कॉन्टेसा आली १९८४ला. इसुझू इंजिन तर त्याहून नंतर. म्हणजे निदान २०३४पर्यंत पुनर्नोंदणी आणि फिटनेस तपासणी करत बसा.

गाडी सांगलीतली असेल तर आधी गालिचा उचलून बघ. २०१९च्या पुराचा गाळ पॉलिशने जात नाही.

रविवारी मिरवायला, हात काळे करायला पद्मिनी. घरच्यांसह लांब जायचं असेल आणि सुट्या भागांसाठी पुण्या-मुंबईच्या खेपा परवडत असतील तर कॉन्टेसा. वहिनींना विचारलं, तर दोन्ही नकोत.