चार दुकानांतले चार शर्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत मी ऑफिसला घालण्यासाठी चार शर्ट मुद्दाम चार प्रकारच्या दुकानांतून घेतले: एक मॉलमधून, एक ऑनलाइन आणि एक खादी भांडारातून, तर चौथ्यासाठी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर कापड घेऊन ते नेहमीच्या शिंप्याकडे शिवायला टाकले. आठ महिन्यांत प्रत्येक शर्ट साधारण तीस वेळा धुतला गेला. चारही शर्ट घरच्याच मशीनमध्ये, थंड पाण्यात आणि एकाच पावडरीने धुतले असल्यामुळे आज त्यांच्यात जो फरक दिसतो, तो कापडाचा आणि शिवणीचा आहे, असे मी खात्रीने म्हणू शकतो.

ऑनलाइन घेतलेला ६४९ रुपयांचा शर्ट पाकिटातून काढला तेव्हा चारांत सर्वांत कडक आणि नेटका दिसत होता. तो कडकपणा खळीचा होता, हे दुसऱ्या धुण्यानंतर कापड विरविरीत झाल्यावर कळले. वर्णनात नुसते ‘कॉटन ब्लेंड’ एवढेच लिहिले होते; आतल्या शिवणीतले लेबल पाहिले तेव्हा त्यात ६० टक्के पॉलिस्टर असल्याचे दिसले. तिसऱ्या महिन्यात कॉलरच्या घडीवर आणि बाह्यांच्या टोकांना बारीक गोळे आले. सुती कापडालाही गोळे येतात, पण त्यातले तंतू कमजोर असल्याने ते हळूहळू गळून पडतात. पॉलिस्टरचा चिवट तंतू मात्र त्यांना धरून ठेवतो. म्हणून ‘ब्लेंड’ या शब्दापुढे टक्केवारी दिलेली नसेल, तर तो शर्ट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मॉलमधला शर्ट २,१९९ रुपयांचा. कापड उत्तम, रंग अजून पहिल्यासारखा, आणि तो जराही आटला नाही, कारण कापड आधीच आटवून घेतलेले होते. तक्रार आहे ती कॉलरची. आतला बुकरम, म्हणजे कॉलरला ताठपणा देणारे जाड कापड, शिवलेला नसून चिकटवलेला असल्यामुळे विसाव्या धुण्याच्या सुमारास तो सुटू लागला आणि कॉलरवर फुगे आले, जे इस्त्रीने बसत नाहीत. मॉलमध्ये खरेदी करताना आणखी एक हिशोब ध्यानात ठेवावा: २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के आणि त्यापुढच्या कपड्यावर १८ टक्के आहे, त्यामुळे या मर्यादेच्या थोडा वरचा शर्ट निवडताना वाढलेल्या किमतीतला बराच भाग कापडाचा नसून कराचा असतो.

खादीचा शर्ट मी गांधी जयंतीपासून सुरू होणाऱ्या सवलतीच्या काळात घेतला. हाताने कातलेले सूत आणि हातमागावरचे विणकाम यांमुळे त्याचा पोत एकसारखा नाही, आणि मला तेच आवडते. पहिल्याच धुण्यात बाही जवळजवळ दीड इंचाने आखूड झाली. एक माप मोठे घ्यायला हवे होते. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र मी याच शर्टाकडे वारंवार वळलो, आणि प्रत्येक धुण्यागणिक तो अधिक मऊ होत गेला आहे.

शिवून घेतलेल्या शर्टाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कापड ५८ इंच पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, होते, म्हणून १.६ मीटर पुरले. ३६ इंची पन्ह्याला सव्वादोन मीटर लागले असते, तेव्हा नुसता मीटरचा भाव विचारून दोन कापडांची तुलना करू नये. कापडाचे ७२० आणि शिलाईचे ४५० रुपये झाले. दुकानात मी ओला पांढरा रुमाल कापडावर घासून रंग लागत नाही ना, ते पाहिले आणि कडेचा एक धागा मागून घेतला. घरी तो जाळल्यावर कागदासारखा जळून त्याची राख झाली. पॉलिस्टर असते तर वितळून टोकाला टणक मणी झाला असता. कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे दिले. त्याने वसुबारसेचा शब्द देऊन शर्ट भाऊबीजेनंतर दिला, हा त्रास खराच. पण बगलेत आणि बाजूंना भरपूर माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडलेली आहे, टीप बारीक आहे आणि आजवर एकही बटण सैल झालेले नाही. पुढे कॉलर झिजली, तर ती उसवून उलटवून देण्याचेही त्याने कबूल केले आहे.

याच काळात मुलीसाठी एका दुकानातून घेतलेल्या कुर्त्याची शिवण आठवड्यात सुटली. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे बोट दाखवण्यात आले. बिलावर माल परत घेण्याची मुदत छापलेली नव्हती, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अशा वेळी सदोष माल तीस दिवसांच्या आत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल जपून ठेवले होते म्हणून हे शांतपणे सांगता आले, आणि पैसे परत मिळाले. रंग आवडला नाही किंवा माप चुकले, तर मात्र या तरतुदीचा आधार मिळत नाही.

येत्या गणपतीसाठी दोन शर्टांचे कापड आणले आहे. ते सध्या बादलीत भिजत आहे, आणि शिंप्याला या वेळी तारीख पंधरा दिवस अलीकडची सांगितली आहे.