‘रि-मिशन’: चुकलेल्या डोसचा हिशेब मांडणारा खेळ

रक्ताच्या काही कर्करोगांवरील उपचारांत केमोथेरपीच्या सुरुवातीच्या कठीण फेऱ्या आटोपल्या की रुग्णाला घरी राहून दीर्घकाळ गोळ्या घ्याव्या लागतात, आणि नेमके याच काळात, अंगात बळ परतू लागले असताना, डोस चुकू लागतात. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण येथे चपखल बसते. फक्त गरज सरलेली नसते. अमेरिकेतील ‘होपलॅब’ या संस्थेने २००६ मध्ये किशोरवयीन आणि तरुण रुग्णांसाठी काढलेला ‘रि-मिशन’ हा संगणकावरील खेळ याच दुखण्यावर बोट ठेवतो.

रॉक्सी नावाची अतिसूक्ष्म यंत्रमानव मुलगी रुग्णांच्या शरीरात शिरून कर्करोगाच्या पेशींशी आणि जंतुसंसर्गाशी लढते. तिच्या हाती केमोची बंदूक असते, प्रतिजैविकांचे अग्निबाण असतात. वरवर पाहता ही नेहमीचीच गोळीबाराची करामत वाटते, आणि चित्रणही आजच्या मुलांना जुनाट वाटेल. मात्र खेळातील रुग्णाने डोस चुकवला की तीच बंदूक ऐन वेळी दगा देते, आणि वाचलेल्या पेशी औषधाला दाद देईनाशा होतात. डॉक्टरांनी दहा वेळा बजावूनही जे डोक्यात शिरत नाही, ते हातातले शस्त्र फसले की क्षणात कळते. खेळाचे सारे मोल मला या एका युक्तीत दिसते.

तिचा उपयोग तपासूनही पाहिलेला आहे. तीन देशांतील ३४ वैद्यकीय केंद्रांत १३ ते २९ वयाच्या ३७५ रुग्णांवर केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना हा खेळ दिला होता, तर इतरांना बाजारातील एक साधा साहसी खेळ. ‘रि-मिशन’ खेळणाऱ्यांनी प्रतिजैविके अधिक नियमितपणे घेतली, हे बाटलीच्या झाकणात बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्रावरून दिसले. केमोच्या गोळ्याही अधिक नियमितपणे घेतल्याचा पुरावा रक्ततपासणीत मिळाला. रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या माहितीत मात्र असा फरक आढळला नाही, ही गोष्ट ‘औषध घेतलेस का?’ एवढेच विचारून निश्चिंत होणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. जगण्याच्या दर्जात आणि ताणतणावातही उल्लेखनीय सुधारणा दिसली नव्हती. तेव्हा मुलाचे मन रमेल, भीती जाईल, अशा आशेने कोणी हा खेळ देऊ नये.

खेळात मराठी नाही, ही आपल्याकडची मोठी अडचण. लढाई विनाभाषा समजते, पण रुग्णांची माहिती आणि सूचना नाही. म्हणून पहिले काही टप्पे तरी घरातील जाणत्या माणसाने शेजारी बसून, बंदूक फसते तेथे थांबून, स्वतःच्या शब्दांत समजावून सांगावेत.