पडत्या मार्केटमध्ये फोन उचलणारं ऑफिस
डोंबिवलीतल्या आमच्या सबब्रोकर काकांना (मोठ्या ब्रोकरच्या वतीने शेअर घेऊन-विकून देणारे) पाच स्टार, कारण ४ जून २०२४. लोकसभा निकालाच्या दिवशी सेन्सेक्स ४३८९ पॉइंटने आपटला, माझं दुसऱ्या ब्रोकरचं ॲप नुसतं गोल गोल फिरत होतं, ऑर्डर जाईना, माझे शेअरही दिसेनात, आणि इकडे काकांनी लगेच फोन उचलला. म्हणाले उधारीवर काही घेतलंयस का, नाही ना, मग आज घाबरून विकू नकोस, एसआयपी (दर महिन्याची ठरलेली गुंतवणूक) तर अजिबात बंद करू नकोस. २३ मार्च २०२० ला १० टक्के पडून ट्रेडिंग ४५ मिनिटं थांबलेलं, तेव्हाही लोकांना असंच शांतपणे समजावत होते. ब्रोकरेज, म्हणजे व्यवहाराचं कमिशन, स्वस्तातल्या डिस्काउंट ब्रोकरांपेक्षा जास्त आहे, खरंय, पण आईबाबांचं डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) काढायचं असेल तर इथेच काढा. शनिवारी बंद असतं.