नेहमीच्या गोळ्या की पहिल्या टप्प्याची ट्रायल?

मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेला आहे, ऑक्झॅलिप्लॅटिन आणि इरिनोटेकॅन या दोन्ही केमो घेऊन झाल्या आहेत, आणि डॉक्टरांनी दोन पर्याय सांगून विचार करायला आठवडाभराची मुदत दिली आहे, अशा माणसासाठी हे लिहीत आहे. तीच मुदत मलाही मिळाली होती. एकीकडे ट्रायफ्लुरिडिन-टिपिरासिलच्या गोळ्या आणि जोडीला दर पंधरा दिवसांनी बेव्हॅसिझुमॅबची सलाईन होती. दुसरीकडे एका नव्या गोळीची पहिल्या टप्प्यातील ट्रायल, म्हणजे माणसांवरची सुरुवातीची चाचणी. मी ट्रायल निवडली, त्याला आता पाच महिने झाले. प्रत्येकाचा आजार वेगळा असतो आणि माझ्या अनुभवावरून दुसऱ्याने निर्णय घ्यावा असे माझे म्हणणे नाही, तरी कोणत्या गोष्टींचा विचार आधी करावा एवढे सांगता येईल असे वाटते.

नेहमीच्या गोळ्यांची बाजू दुबळी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८०० रुग्णांच्या अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ७.१ महिने आणि नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांचे ५.३ महिने भरले होते. २०२३ च्या अभ्यासात गोळ्यांसोबत बेव्हॅसिझुमॅब दिल्यावर ते १०.८ महिने झाले, तर फक्त गोळ्यांवर ७.५. हे मध्यक आहे, म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या पुढे गेले, हे मला एका सिस्टरने समजावून सांगितले आणि त्या रात्री मी जरा झोपलो. येथे औषध ओळखीचे आहे, पांढऱ्या पेशी घसरणार हे आधीच ठाऊक असते, आणि गोळ्या बारा दिवसांत संपवून उरलेले सोळा दिवस गोळ्यांविना जातात. रेगोराफेनिब या दुसऱ्या औषधाचाही पर्याय होता, पण तळहात-तळपायांची कातडी सोलवटण्याचे वर्णन ऐकून मी तो बाजूला ठेवला. रोज पायी फिरणे हाच ज्याचा एकमेव विरंगुळा उरला आहे, त्याला तो परवडला नसता.

ट्रायलच्या बाजूने आकडे सांगायचे तर ते सावधपणेच सांगावे लागतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या २००० ते २०१९ या काळातील पहिल्या टप्प्याच्या ट्रायल एकत्र करून पाहिल्या, तेव्हा गाठी ठळकपणे लहान झालेल्या रुग्णांचे प्रमाण सुरुवातीच्या वर्षांत ९.६ टक्के आणि शेवटच्या वर्षांत १८ टक्के आढळले. उपचारामुळे दगावलेल्यांचे प्रमाण ०.७ टक्के होते. यात अनेक प्रकारचे कर्करोग आले, त्यामुळे हा आकडा आपल्या आजाराला तसाच्या तसा लावू नये. शिवाय पहिल्या टप्प्याचा मूळ हेतू रुग्ण बरा करणे हा नसून औषधाची किती मात्रा शरीराला सोसते हे पाहणे हा असतो. पूर्वापार पद्धत अशी, की तिघांना एक मात्रा द्यायची, तिघांनाही ती सोसली तर पुढच्या तिघांना वरची. म्हणून ‘मी कितव्या गटात आहे?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. अगदी पहिल्या गटाला मिळणारी मात्रा इतकी कमी असू शकते की तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. मी मात्रा ठरल्यानंतरच्या विस्तारित गटात होतो, आणि तसे नसते तर कदाचित हा लेख उलट बाजूने लिहिला असता.

ट्रायलचा त्रास कमी लेखू नये. आधीची केमो शरीरातून निघून जावी म्हणून माझे चार आठवडे औषधाविना गेले, आणि त्या काळात उजव्या बरगडीखाली उठलेली प्रत्येक कळ मला गाठ वाढल्याचीच वाटत असे. सुरू करण्यापूर्वी यकृताची बायोप्सी झाली, सहाव्या आठवड्यात पुन्हा एक. पहिल्या दिवशी गोळीच्या आधी, मग अर्ध्या तासाने, एक, दोन, चार, सहा आणि आठ तासांनी, शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त घेतात. सहा तासांच्या वेळी हाताला लावलेली सुई बंद पडली, दोन ठिकाणी टोचूनही शीर सापडेना, आणि सिस्टर मिनिटकाट्याकडे पाहत म्हणाल्या, ‘काका, पाच मिनिटांत मिळालं नाही तर मला उशीर का झाला ते लिहावं लागेल.’ मला हसू आले. माझ्या रक्ताला एवढ्या वक्तशीरपणाची अपेक्षा यापूर्वी कोणी केली नव्हती.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती सांगतो. ती क्षुल्लक वाटेल. पहिल्या केमोपासून मी एक वही ठेवत आलो आहे. कोणत्या दिवशी मळमळ किती वाजता सुरू झाली, बोटांच्या टोकांना मुंग्या कधी आल्या, वजन, ताप, झोप, सारे त्यात आहे. नेहमीच्या बाह्यरुग्ण विभागात दोन वर्षे ती माझ्या मांडीवर उघडी असे आणि दोन वर्षांत एकदाही कोणी तिच्यात डोकावले नाही. डॉक्टर चांगले होते, पण बाहेर साठ माणसे बसलेली असत. ते रक्ताचा अहवाल पाहत, ‘बाकी ठीक?’ असे विचारत आणि मी ‘ठीक’ म्हणून वही मिटत असे. तिसऱ्या उपचाराची भाषा सुरू झाल्यावर तर भेटी आणखी आखूड झाल्या, आणि हीच गोष्ट मला मुंग्यांपेक्षा जास्त बोचत राहिली. आपल्याविषयी आता नवे कळण्यासारखे काही उरलेले नाही, असा त्याचा अर्थ मी लावला. तो चुकीचाही असेल.

ट्रायलच्या चाचपणीसाठी गेलो तेव्हा समन्वयक बाईंनी वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मध्येच थांबून त्यांनी विचारले, ‘येथे मंगळवारी उलटी लिहिली आहे, ती जेवणाआधी की नंतर?’ ते पान चौदा महिन्यांपूर्वीचे होते. मला आठवत नव्हते, पण कोणी तरी विचारले होते. आता गोळ्यांची रिकामी बाटलीसुद्धा परत न्यावी लागते आणि उरलेल्या गोळ्या माझ्यासमोर मोजल्या जातात.

ही आस्था माझ्यासाठी नसून औषधासाठी आहे, हे मला समजते. संशोधनालाच आपला वैयक्तिक उपचार समजण्याच्या या भुलीला नीतिशास्त्रात १९८२ पासून ‘थेरप्युटिक मिसकन्सेप्शन’ असे नावही आहे, आणि माझ्या एकतीस पानी संमतीपत्रात लाभाची हमी नसल्याचे तीन वेळा लिहिले होते. तरीही, ज्या खोलीत माझ्या मंगळवारची चौकशी होते तेथे मला उमेद धरणे सोपे जाते. त्याला मी काय करणार?

परिणामाविषयी थोडक्यात सांगतो. मापासाठी धरलेल्या गाठींची बेरीज सुरुवातीला ८४ मिलिमीटर होती, पहिल्या स्कॅनला ७९ झाली आणि दुसऱ्याला ८१. औषध लागू पडले असे म्हणायला ती ३० टक्क्यांनी घटावी लागते आणि आजार वाढला असे म्हणायला आतापर्यंतच्या सर्वांत कमी बेरजेवरून २० टक्क्यांनी वाढावी लागते, म्हणून माझ्या अहवालावर ‘स्थिर’ असे लिहिले आहे. कदाचित गोळ्यांवरही इतकेच झाले असते.

क्रमाचा मुद्दा मात्र मला वजनदार वाटतो. बहुतेक ट्रायलना स्वतःच्या पायांवर हिंडणारा, रोजच्या हालचालींची ताकद मोजणाऱ्या ईसीओजीच्या मोजपट्टीवर शून्य किंवा एक (म्हणजे चांगल्या स्थितीत) असलेला रुग्ण हवा असतो. नेहमीच्या गोळ्या दोन-तीन महिन्यांनीही मिळतील. तेव्हा ती ताकद उरलेली असेलच असे नाही. काही ट्रायल याउलट या गोळ्या आधी घेऊन झाल्या असल्याची अट घालतात, ते विचारून घ्यावे. बाहेर पडण्याचा हक्क कोणत्याही दिवशी राहतो. वेदना आणि थकवा यांसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना मात्र दोन्ही वाटांवर पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे. फुप्फुसाच्या कर्करोगावरील २०१० च्या अभ्यासात ती सोबत लवकर मिळालेले रुग्ण अधिक बरे जगले आणि अधिक काळही जगले, ११.६ महिने विरुद्ध ८.९.

रुग्णालय फार लांब असेल, सोबतीला कोणी येण्यासारखे नसेल, किंवा सुईचीच धास्ती असेल, तर गोळ्या घ्याव्यात. त्यात हार मानल्यासारखे काही नाही. तसे नसेल तर निदान चाचपणीची वेळ घ्यावी, संमतीपत्र घरी वाचायला मागावे आणि जागा किती दिवस राखून ठेवतील ते तारखेसह लिहून घ्यावे. मला चार दिवस दिले होते. मी तिसऱ्या दिवशी फोन केला. आणि वही असेल तर ती सोबत न्यावी.